तपकिरी नळीतली गुलाबी तार

सदाशिव करंजकरांना सिल्वासात सगळे सदाभाऊ म्हणतात. ज्यांना नाव ठाऊक नाही ते ‘खड्ड्यातले काका’ म्हणतात, आणि तेही काही खोटं नाही. गेली चौतीस वर्षं हा माणूस टेलिफोनच्या खात्यात तुटलेल्या केबली जोडतो आहे. आधी तांब्याच्या तारा होत्या, आता काचेच्या. आयुष्याचा निम्मा वेळ कमरेएवढ्या खड्ड्यात गेला. निवृत्तीला आठ महिने उरले आहेत आणि लीलाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्याचीच धास्ती आहे. कारण हा माणूस घरात पाच मिनिटं एका जागी बसत नाही. बसला की किल्ल्यांचा जुडगा वाजवतो, उठला की खिडकी उघडतो, खिडकी उघडली की समोरच्या खांबावरच्या तारा मोजतो.

“अहो, त्या पळून नाही जायच्या,” काकू म्हणतात.

“काल सात होत्या, आज आठ आहेत. कुणीतरी टाकली मध्येच.”

असा स्वभाव. पण खड्ड्यात उतरले, मशीन पुढ्यात घेतलं, की बोटं शांत होतात. काचेची तार केसाएवढी असते. तिचा वरचा लेप सोलायचा, टोक पुसायचं, सरळ कापायचं, दुसऱ्या टोकासमोर धरायचं. मशीन ठिणगी पाडतं आणि दोन टोकं एकजीव होतात. एका तारेला तीन मिनिटं. अठ्ठेचाळीस तारांची केबल असेल तर चार नळ्या, एकेका नळीत बारा. प्रत्येक तारेला रंग ठरलेला आणि रंगांचा क्रमही ठरलेला: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी, पांढरी, मग लाल, काळी, पिवळी, जांभळी, गुलाबी आणि शेवटी फिकट निळी. नळ्यांनाही तेच रंग. जोडणी निळ्या नळीतल्या निळ्या तारेपासून सुरू होते आणि तपकिरी नळीतल्या फिकट निळीवर संपते.

दवाखाना आणि सरकारी कचेऱ्या पहिल्या नळीत ठेवलेल्या असतात, त्यामुळे जे निकडीचं ते आपोआप आधी लागतं. बाकी सगळे आपापल्या रंगाची वाट बघतात. सदाभाऊ नोकरीत नवे होते तेव्हा त्यांच्या वरिष्ठ जोडणाऱ्याने एकच गोष्ट शिकवली होती. “कुणाचाही फोन येऊ दे, तू निळ्यापासून जा. डोकं वापरलंस की माणसं दिसायला लागतात. माणसं दिसली की क्रम गेला.” सदाभाऊंनी हे गाठीशी बांधलं. एका मोठ्या अधिकाऱ्याची लाइन एकदा पाच तास बंद राहिली, बदलीची धमकी आली, तरी हे निळ्यापासूनच गेले. बदली झाली नाही. पण गोष्ट गावभर झाली.

यंदाच्या माघात त्यांची मुलगी केतकी महिनाभर सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या घरी राहायला आली. पुण्यात कायदा शिकलेली, सत्तावीस वर्षांची, एका लहानशा संस्थेत काम करणारी. काम घरून करता येत होतं. आल्या आल्या तिने बातमी दिली. जिनिव्हात सरकारांची आणि संस्थांची एक बैठक होती, जगातल्या इंटरनेटवर हुकूम कुणाचा चालावा ह्याच्यावर. तिथे तिला बोलायला तीन मिनिटं मिळाली होती. घरूनच, संगणकावरून. बुधवारी, आपल्याकडचे दुपारचे चार चाळीस. त्या तीन मिनिटांसाठी तिची संस्था दोन वर्षं अर्ज करत होती. नंबर आला आणि माणूस पडद्यावर नसला की पुढच्याला पुकारतात. दुसरी संधी नाही.

“पण भांडण काय आहे नेमकं?” सदाभाऊंनी जेवताना विचारलं.

“काही सरकारं म्हणतात, आमच्या हद्दीतलं नेट आमचं. काय चालेल, काय बंद, ते आम्ही ठरवू. काही म्हणतात, जगभरच्या साइटच्या नावांचं मोठं रजिस्टर एका बलाढ्य देशातल्या संस्थेकडेच का? सगळ्या सरकारांच्या हाती द्या. आणि दुसरी बाजू म्हणते, सरकारांच्या हाती दिलंत तर उद्या कुणीही कुणाचाही गळा दाबेल.”

“आणि तू काय म्हणणार?”

“मी म्हणणार, कुणाही एकाच्या हाती नको. ज्याच्या हातात तार आहे, त्याने कुणाचं बोलणं आधी जायचं हे ठरवू नये.”

“तीन मिनिटांत एवढं?” लीलाकाकू म्हणाल्या. “तुझ्या बाबांना चहा हवा की नको, हे सांगायला तेवढा वेळ लागतो.”

केतकीने भाषणात आपल्या गावाचाही दाखला घेतला होता. चोपन्न साली हा मुलूख पोर्तुगिजांच्या हातातून गेला. दमण त्यांच्याकडेच होतं; तिथून इथे यायची वाट भारतातून होती, ती भारताने अडवली. पोर्तुगाल थेट हेगच्या जागतिक न्यायालयात गेला आणि ह्या वाटेवरून तिथे पाच वर्षं खटला चालला. न्यायालयाने शेवटी सांगितलं की साध्या माणसांना आणि मालाला तिथून जायची वहिवाट होती, फौजेला आणि हत्यारांना नव्हती, आणि गडबडीच्या दिवसांत वाट बंद केली ह्यात भारताचा दोष नाही.

“आपल्या ह्या रस्त्याबद्दल? हेगला?” सदाभाऊंचा घास हातातच राहिला.

“ह्याच. आणि बाबा, त्या पाच वर्षांत इथल्या एकाही माणसाला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुला कुठून जायचं आहे.”

त्यानंतर आठ दिवस घरात ती तीन मिनिटं चालू होती. केतकी घड्याळ लावून मोठ्याने म्हणायची. इंग्रजी होतं, पण सदाभाऊंना पुढचं वाक्य तिच्या आधी आठवायला लागलं. तिसऱ्या मिनिटाला ती अडखळली की हे स्वयंपाकघरातून उठून येत, दारात उभे राहत, परत जात. बोलायची होती ती मुलगी, आणि झोप उडाली होती बापाची. मंगळवारी त्यांनी घराबाहेरच्या पेटीतली आपली तार दोनदा तपासली. तपकिरी नळीतली गुलाबी. अठ्ठेचाळिसांतली सत्तेचाळिसावी.

बुधवारी दुपारी एकला पाच कमी असताना डोकमर्डीच्या वळणावर रस्ता रुंद करणाऱ्या एका ठेकेदाराच्या जेसीबीने जमिनीत दात घातला आणि केबल तोडली.

सदाभाऊ तिथे पोचले तेव्हा झिपरू आधीच खड्ड्यात होता. झिपरू साक्रीकडचा, पन्नाशीचा, गेली अकरा वर्षं त्यांच्याबरोबर खणणारा.

“दादा, पार कंबरडं मोडी टाकं हो केबलनं.”

“जेसीबीवाला कुठे आहे?”

“जेवाले गया. म्हने, माले काय माहीत खाली तार शे.”

मोबाइल कंपन्यांचे बहुतेक टॉवरही ह्याच केबलीवर होते. एकच टॉवर जिवंत राहिला आणि सगळं गाव त्याच्यावर तुटून पडलं. बोलणं जेमतेम होत होतं, चित्र हलत नव्हतं. सव्वादोनला कुठे केतकीचा फोन लागला.

“बाबा, नेट गेलं.”

“मी तिथेच आहे.”

“किती वेळ?”

सदाभाऊंनी मनात हिशेब केला होता. केबल ओढून घ्यायची, टोकं सोलायची, पुसायची, पहिली ठिणगी तीन वीसला. तिथून तीन मिनिटांना एक. सत्तेचाळिसावी पावणेसहाला.

“बघतो,” ते म्हणाले.

“मी वापीला जाऊ का? कुणाकडे तरी?”

“रस्ता इथेच खणलाय. दोन्ही बाजूंना ट्रक अडकलेत. तू घरीच थांब, संगणक चालू ठेव.”

“बरं,” ती म्हणाली. एवढंच. तिने मागितलं काहीच नाही. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

तीन वीसला पहिली निळी लागली. दवाखान्याची. मग कचेऱ्या. हात चालत होते, पण आज ते शांत नव्हते. दर तारेमागे सदाभाऊ घड्याळ बघत होते. झिपरू म्हणाला, “दादा, आज घडीले काय व्हयनं? रोज तर बघतस नही.” त्यांनी पुढची तार उचलली.

साडेतीनला कावेरी आली. खानवेलच्या रस्त्यावर तिचं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तिच्या तोंडावर धूळ आणि घाम.

“काका, माझी कधी लागेल? खानवेलहून पोरी आल्यात, नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म. भरून तयार आहेत, फक्त जमा करायचे राहिलेत. पाचला पोर्टल बंद होतं.”

सदाभाऊंनी खिशातली वही काढली. “हिरव्या नळीतली तिसरी, तुझी हिरवी. सत्ताविसावी. चार चव्वेचाळीस. पावणेपाच धर.”

“नक्की?”

“निळ्यापासून चाललोय. नक्की.”

ती गेली आणि जयवंत आले. डोकमर्डीतल्या एका सुताच्या कारखान्याचे मेंटेनन्स मॅनेजर. मूळचे ठाण्याचे, इस्त्रीचा शर्ट, खड्ड्यापासून चार पावलं लांब उभे.

“सदाभाऊ, आमची राखाडी आहे ना? तपकिरी नळीतली? तेवढी आधी घ्या की. गाड्या भरून उभ्या आहेत, नेटशिवाय मालाची बिल्टी निघत नाही.”

“एक्केचाळिसावी आहे तुमची.”

“एक तार हो. तीन मिनिटं.”

“साहेब, इथे जो येतो त्याची एकच तार असते.” हे सदाभाऊ जरा मोठ्यानेच बोलले. कडेला चहावाला, ट्रकवाले, बघे असे दहाबारा जण होते. एक ट्रकवाला हसला. “निळ्यापासून सुरू केलंय. क्रमाने येईल.”

“तुमचा तो निळा म्हणजे अगदी देव्हारा झालाय,” जयवंत म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

चार पंचवीसला एकवीस तारा झाल्या होत्या. निळी नळी पुरी, नारिंगीतल्या नऊ. सदाभाऊंनी दहावी, जांभळी, हातात घेतली. मग ठेवली.

घरी संगणकापुढे केतकी बसली असेल. स्टार्च केलेला कुर्ता, केस बांधलेले. पडद्यावर चक्री फिरत असेल. लीलाकाकू दारात. दोघीही त्यांना फोन करत नव्हत्या, आणि हेच सदाभाऊंना सहन होईना. वरिष्ठांनी सांगितलेलं ते अगदी तसंच झालं. माणसं दिसायला लागली.

त्यांनी पुन्हा हिशेब केला. तपकिरी नळी उघडायला, पुसायला, दोन्हीकडची गुलाबी शोधायला सहा मिनिटं. जोडायला तीन. एकूण नऊ. ह्या नऊ मिनिटांत कुणाचं काय बुडणार होतं? कावेरीची चार चव्वेचाळीसची चार त्रेपन्नला लागेल. पाचच्या आतच. फॉर्म भरलेले आहेत, फक्त जमा करायचे. कुणाचं काही जात नाही.

त्यांनी तपकिरी नळी ओढली.

“दादा,” झिपरू म्हणाला, “हिरवी बाकी शे ना अजून.”

“माहीत आहे.”

झिपरू त्यांच्याकडे बघत राहिला. अकरा वर्षं तो नळ्या हातात देत आला होता आणि हा क्रम त्यालाही पाठ होता. त्याने नळी धरली, पण नजर रस्त्याकडे वळवली. “मी काही देखं नही,” तो हळूच म्हणाला. हे ऐकून सदाभाऊंचे कान तापले.

गुलाबी तार ठिणगीत एकजीव होत होती तेवढ्यात वरून आवाज आला.

“वा! तपकिरी उघडलीत?” जयवंत खड्ड्याच्या काठावर वाकले होते. “आता नळी उघडीच आहे तर आमची राखाडी उरकून टाका.”

“चाचणी आहे,” सदाभाऊ म्हणाले.

“कसली चाचणी?”

“शेवटच्या नळीत उजेड जातो की नाही, ते बघतोय.”

चौतीस वर्षांत खड्ड्यात उभं राहून बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं. जयवंतांनी मशीनकडे बघितलं, गुलाबी तारेकडे बघितलं, मग सदाभाऊंच्या तोंडाकडे.

“चाचणी,” ते म्हणाले. “असू दे, असू दे. चाचणी तर चाचणी. मग आमचीही एक चाचणी होऊन जाऊ दे.”

तीन मिनिटांत ह्या माणसाचं तोंड बंद होत होतं. सदाभाऊंचा हात राखाडीकडे गेलासुद्धा. मग त्यांनी तपकिरी नळी गुंडाळून बाजूला ठेवली. “नाही साहेब. आता क्रमाने.”

“आता,” जयवंत म्हणाले. एवढा एकच शब्द. तेवढा पुरे होता.

चार चौतीस झाले होते. नारिंगीतली जांभळी लागली. मोबाइल वाजला.

“अहो, लागलं! ती आत गेली, तिचं नाव दिसतंय पडद्यावर. मी फोन तिच्या दाराशी धरते, तुम्ही ऐका. बोलू नका हं मध्ये.”

सदाभाऊंनी मोबाइल स्पीकरवर टाकून शर्टाच्या खिशात ठेवला आणि नारिंगीतली गुलाबी हातात घेतली. आधी कुणा परक्या माणसाचं बोलणं आलं, मग तिचं नाव कुणीतरी वाकडंतिकडं उच्चारलं, आणि मग केतकीचा आवाज. खिशातून, फाटका, पण तिचाच. पहिलं मिनिट सुरळीत गेलं. दुसऱ्यात हेगचा खटला आला, वाट आली, साधी माणसं आणि माल आला. सदाभाऊंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. झिपरू तोंड उघडं टाकून ऐकत होता. कळत नसलं तरी ही दादांची पोर आहे आणि ती जगाशी बोलते आहे, एवढं त्याला कळलं होतं.

तिसऱ्या मिनिटाला केतकीने एक वाक्य घेतलं. ते आठ दिवसांत घरात कधी आलं नव्हतं.

ती इंग्रजीत म्हणाली, माझे वडील केबल जोडतात. ते नेहमी निळ्यापासून सुरू करतात. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाची तार आधी जोडली नाही, अधिकाऱ्याची नाही, कारखान्याची नाही. आज दुपारी आमच्या गावाची केबल तुटली. आमच्या घराची तार ओळीत जवळजवळ शेवटची आहे. मी त्यांना फोन केला, पण मागणं केलं नाही, कारण त्यांनी ते केलं नसतं. ती आपल्या क्रमाने आली आणि म्हणून मी इथे आहे. जगाचं नेट कुणाच्या हाती असावं, हे मला विचाराल तर मी म्हणेन, अशा हातांत.

कट्कन आवाज झाला. सदाभाऊंच्या चिमटीतली गुलाबी मोडली होती.

“दादा, काय बोलनी पोर?” झिपरूने विचारलं.

“काही नाही. सोलणी दे.”

मोडलेलं टोक कापून, पुन्हा सोलून, पुन्हा पुसून जोडायला तीन मिनिटं जास्त लागली. मग फिकट निळी. मग हिरवी नळी. कावेरीची तार लागली तेव्हा चार छप्पन्न झाले होते. पाचच्या आतच, सदाभाऊंनी स्वतःला सांगितलं. पण मघाशी ज्या आकड्याने धीर दिला होता, तोच आता टोचत होता. राखाडी, पांढरी, लाल. जयवंतांची राखाडी आपल्या एक्केचाळिसाव्या नंबरावर लागली. गाडी सुरू करताना जयवंत म्हणाले, “चला, चाचणी यशस्वी.”

सगळी जोडणी संपवून, पेटी बंद करून, खड्डा झिपरूवर सोपवून सदाभाऊ घरी गेले नाहीत. पायी कावेरीच्या दुकानात गेले. ती शटर अर्धं ओढून पाणी पीत बसली होती.

“गेले ना फॉर्म?”

“पाच गेले, काका. सहावा फिरतच राहिला. पाचचा ठोका पडला आणि पानच बंद.”

“सहा होते?”

“सहा. एकेकाला पाऊण मिनिट लागतंच. फोटो जातो, सही जाते.”

सदाभाऊ पायरीवर टेकले. त्यांनी सगळं विचारलं होतं, रंग, नळी, नंबर, वेळ. फॉर्म किती, हे विचारलं नव्हतं.

“राहिली ती कोण?”

“रोशनी. खानवेलच्याही आतली. तिने बाकीच्यांना पुढे बसवलं, मला घाई नाही म्हणाली. आता बसने गेली परत, रडत नव्हती, पण काही बोलतही नव्हती.” कावेरीने त्यांच्याकडे बघितलं. “तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुटलेली केबल ती, दहा मिनिटं इकडेतिकडे व्हायचीच. कधीकधी मुदत वाढवतात हे लोक.”

“आणि नाही वाढवली तर?”

“तर पुढच्या वर्षी.”

सदाभाऊंनी तोंड उघडलं. पण ‘येतो’ एवढंच म्हणून ते उठले.

घरी केतकी दारातच होती. “बाबा, ऐकलंत? शेवटचं ऐकलंत? नाव पुकारेपर्यंत घालू की नको असं चाललं होतं माझं. ते ऐकल्यावर एक बाई दुसऱ्या देशातून मला लिहितायत, तुझ्या वडिलांचं नाव काय म्हणून.”

“पाणी तरी पिऊ दे त्यांना,” लीलाकाकू म्हणाल्या.

सदाभाऊंनी पाणी घेतलं नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, उचलल्या, पुन्हा ठेवल्या.

“ते भाषण आता संपलं का? की अजून कुठे जायचं आहे?”

“आज आठपर्यंत लेखी पाठवायचंय, कायमच्या नोंदीसाठी. का?”

“ते वाक्य काढ.”

“कुठलं?”

“माझं.”

केतकी हसली. “लाजताय?”

“आपली तार क्रमाने नाही आली. एकवीस झाल्या आणि मी तपकिरी उघडली. तुझ्यासाठी.”

लीलाकाकूंनी पेला खाली ठेवला. सदाभाऊ उभ्याउभ्याच सगळं बोलले, जयवंतांची चाचणी, झिपरूचं न बघणं, कावेरीला दिलेली वेळ, मोडलेली तार, सहावा फॉर्म. वहीतल्यासारखं, वेळांसकट.

“मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, बाबा,” केतकीचा आवाज चिरकला. “मी मुद्दाम मागितलं नव्हतं.”

“म्हणून तर.”

“म्हणजे मी सगळ्या जगापुढे खोटं बोलले.”

“तू नाही. मी.”

ती आत गेली. लीलाकाकू म्हणाल्या, “नऊ मिनिटं हो. पोरीसाठी कुणीही केलं असतं.” सदाभाऊ म्हणाले, “तेच तर. कुणीही.” ते खिडकीशी गेले. अंधार पडत होता, खांबावरच्या तारा मोजता येत नव्हत्या.

पाऊण तासाने केतकी बाहेर आली. डोळे लाल, हातात कागद.

“वाक्य काढलं नाही. बदललंय. ऐका.” ती मराठीत सांगत वाचू लागली. “माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं क्रम मोडला नाही. आज माझ्यासाठी मोडला. मी बोलले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या ह्या तीन मिनिटांमुळे एका मुलीचा प्रवेशाचा अर्ज राहिला. जगाचं नेट अशा हातांत असावं, असं मी म्हणाले होते. ते शब्द मी मागे घेते. माझ्या माहितीतल्या सगळ्यात सरळ माणसाच्या हातातही ते एकट्याच्या असू नये. त्याच्या शेजारी उभा राहून ‘हिरवी बाकी आहे’ म्हणणारा कुणीतरी असावा, आणि त्याचं ऐकणं भाग असावं.”

लीलाकाकूंना ते मुळीच आवडलं नव्हतं. “निवृत्तीला आठ महिने राहिलेत आणि हे कायमचं लिहून ठेवणार? खात्यात कुणी वाचलं तर?”

“वाचू दे,” सदाभाऊ म्हणाले. मग केतकीला, “तार कुठली ते लिहिलंस?”

“एक तार, असं लिहिलंय.”

“एक तार नको. तपकिरी नळीतली गुलाबी, सत्तेचाळिसावी. आणि झिपरूचं नाव घाल. बोलला तो होता.”

केतकीने उभ्याउभ्याच दुरुस्ती केली आणि संगणकाकडे गेली. आठ वाजायला वीस मिनिटं होती. तिचा मजकूर गेल्याचा बारीकसा आवाज झाला तेव्हा सदाभाऊ दारात बसून चप्पल घालत होते.

“आता कुठे निघालात?” लीलाकाकूंनी विचारलं.

“कावेरीकडे. त्या पोरीचा पत्ता घेतो. सकाळच्या पहिल्या बसने खानवेलला जातो.”

“मुदत वाढेल कदाचित. उद्या दुपारपर्यंत कळेलच की.”

“वाढली तर वाढली,” सदाभाऊ म्हणाले. “तिला सांगायला हवं ना, नेट का आलं नाही ते.”